बांध पेटवल्याने आखाडा वाचत नाही

उन्हाची तिरीप वाढू लागली की व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास फिरतो. त्यात म्हटलेले असते ते थोडक्यात असे: वणव्यापासून शेतातले घर, म्हणजे आखाडा, वाचवायचे असेल तर होळीच्या सुमारास आपणच बांध आणि आजूबाजूचे गवत पेटवून द्यावे, त्याच्या राखेचे खतही होते, पत्र्याच्या वा स्लॅबच्या घराला धोका नसतो, घराजवळची झाडे तेवढी काढून टाकावीत, आणि वेळ आलीच तर बोअर आहेच. यातले प्रत्येक विधान ऐकायला व्यवहारी वाटते, म्हणूनच त्याची तपासणी करणे आवश्यक आहे.

एकदा जळालेल्या जमिनीवर आग पुन्हा चालत नाही, हे खरे. वनविभागही याच तत्त्वावर जाळरेषा, म्हणजे आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, काढतो. परंतु ते काम गवत कापून, माणसे उभी करून, वारा पडलेला पाहून आणि मुख्यतः हंगामाच्या आधी करायचे असते. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो आणि होळी नेमकी त्यातच येते. तोवर मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेच्या उतारांवरचे कुसळी गवत कडकडीत वाळलेले असते, दुपारी वारा सुटतो, आणि उताराचा चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. अशा वेळी एकट्याने काडी लावलेला बांध शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीपाशीच थांबेल, अशी हमी कोण देणार? किनवट, गौताळा किंवा येडशीच्या जंगलाला लागून शेत असेल, तर राखीव वनाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हेही संदेश लिहिणाऱ्याने सांगायला हवे होते. आपल्याकडे याहून सोपा उपाय हाताशी असतो. रब्बी निघाल्यावर ट्रॅक्टर नांगरटीला येतोच. त्याच फेरीत आखाड्याभोवती दहा-बारा फुटांचा पट्टा नांगरून घ्यावा, डोंगराच्या बाजूने तो अधिक रुंद ठेवावा. उघड्या काळ्या ढेकळांत जळायला काहीच नसते.

खताचे म्हणाल तर राखेत पालाश उरतो, मात्र नत्र आणि सेंद्रिय कर्ब बहुतांशी धुरावाटे निघून जातो.

पत्र्याच्या घराला धोका नाही, हे विधान मात्र मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यामागे आग ज्वाळांच्या भिंतीसारखी चालून येते ही समजूत आहे. प्रत्यक्षात वाऱ्यावर उडालेल्या ठिणग्या आगीच्या पुष्कळ पुढे जाऊन पडतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव जळाले, त्या वणव्यात ८५ माणसे गेली आणि १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. तरीही राख झालेल्या अनेक घरांशेजारची झाडे हिरवीच उभी होती. ठिणगी नांगरलेला पट्टाही ओलांडते आणि जाळलेला बांधही. ती कशावर पडते, यावर सारे ठरते. पत्रा पेटत नाही, पण पन्हळीत साचलेला कडुलिंबाचा पाला पेटतो, पत्रा आणि भिंत यांमधल्या फटीतले चिमणीचे घरटे पेटते. ओसरीला टेकवलेल्या तुराट्या, भिंतीलगत रचलेल्या गोवऱ्या, कोपऱ्यात गुंडाळून टाकलेल्या ठिबकच्या नळ्या आणि जुने शेडनेट हा सगळा साठा आपणच घराला चिकटवून ठेवलेला असतो. भिंतीपासून पाच फुटांत जळण्याजोगे काहीही नसावे, तीस फुटांपर्यंतचे गवत कापलेले असावे, आणि कडबा व पऱ्हाट्यांचे ढीग शक्य असेल तर शंभर फुटांवर, घर आणि गोठा या दोहोंपासून दूर असावेत. जागा अपुरी असेल, तर निदान गंजी गोठ्याला लागून रचू नये.

झाडे तोडण्याचा सल्लाही सरसकट घेण्याजोगा नाही. निरोगी, हिरवा लिंब सहजासहजी पेटत नाही, आणि मराठवाड्याच्या उन्हात त्याची सावली घालवणे म्हणजे जनावरांवर अन्यायच. त्याच्या जमिनीकडे झुकलेल्या फांद्या सहा फुटांपर्यंत छाटाव्यात, छतावर टेकलेली फांदी काढावी. फाल्गुनात लिंबाची पानगळ होते, त्या दिवसांत पाला आठवड्यातून एकदा तरी लोटून खड्ड्यात टाकावा. त्याचे खत खरे.

राहिला बोअर. शेतीपंपाला थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते, आणि आग तारांखाली पोचली की तीही बंद होते. म्हणून हंगामभर हौद भरलेला असावा, दोन-तीन ड्रम, बादल्या आणि भिजवण्यासाठी गोणपाट जवळ असावीत. वनविभागाचा १९२६ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावेत. जनावरे साखळीऐवजी एका झटक्यात सुटणाऱ्या गाठीच्या दाव्याने बांधावीत, आणि ती गाठ सोडण्याचा सराव घरातल्या प्रत्येकाला असावा.