दहा मिनिटांचा फोटो आणि ओघळणारा रंग

फोटोवरून काढलेलं चित्र म्हणजे नक्कल, असं छातीठोकपणे सांगणारे लोक भेटले की मी हल्ली वाद घालत नाही. जुन्या फोटोंवरून रंगवणाऱ्या चिनी-अमेरिकन चित्रकार हंग लिऊचं एखादं चित्र मोबाईलवर काढतो, शेजारी मूळ फोटो ठेवतो आणि गप्प बसतो. (ही चित्रं मीसुद्धा फक्त पडद्यावरच पाहिली आहेत. भिंतभर कॅनव्हास साडेसहा इंचांत बघणं हा त्या बाईवर अन्यायच, पण इलाज नाही.)

लिऊने ज्यावरून चित्र काढलं, तो अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असणार. गालाला हात लावून बसलेली बाई, तिच्या खांद्यांवर तोंड फिरवून टेकलेली दोन मुलं, मांडीवर तान्हं बाळ. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, मटार तोडणाऱ्या मजुरांची छावणी. थंडीने पीक गेलेलं, हाताला काम नाही. लँग सरकारी खात्यासाठी फोटो काढत फिरत होती. तिच्याच सांगण्यानुसार ती तिथे जेमतेम दहा मिनिटं थांबली. फोटोखाली ओळ आली: मटार तोडणारे निराधार मजूर, सात मुलांची आई, वय ३२. मुलं मोजली, वय नोंदवलं, नाव मात्र विचारलंच नाही. बातमी छापून आल्यावर छावणीकडे वीस हजार पौंड अन्न रवाना झालं. तोवर ही बाई आपलं बिऱ्हाड घेऊन पुढे निघून गेली होती.

फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये. ती मूळ चेरोकी. फोटो काढू दिला याचा तिला पस्तावा होता आणि त्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही हा रागही. पोटासाठी गाडीचे टायर विकले, असं लँगने लिहून ठेवलं होतं. घरच्यांनी ते साफ नाकारलं. आणि कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा दिसत होता, तो नंतर निगेटिव्हवरूनच पुसण्यात आला, कारण तो नजरेला खटकत होता!

म्हणजे ज्याला आपण ‘अस्सल पुरावा’ म्हणून डोक्यावर घेतो, त्यातही हात फिरवलेलाच आहे. चित्रकाराने त्यात ढवळाढवळ केली की मात्र आपल्या भुवया वर जातात.

हंग लिऊचा जन्म १९४८ चा, चीनमधल्या छांगछुनचा. वडील आधीच्या राजवटीच्या सैन्यात, त्यामुळे ती तान्ही असतानाच तुरुंगात गेले. त्यांची गाठ पडली ती थेट १९९४ मध्ये. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत घरात जुने फोटो सापडणं म्हणजे संकटाला आवतण, म्हणून घरोघरी लोकांनी आपल्याच माणसांचे फोटो स्वतःच्या हाताने जाळले. लिऊच्या घरीही तेच झालं. १९६८ मध्ये तिला ‘सुधारण्यासाठी’ खेड्यात धाडलं. चार वर्षं शेतात राबली. तिथेच आजूबाजूच्या शेतकऱ्यांची चित्रं काढली, कॅमेरा हाताशी होता तर त्यांचे फोटोही काढले. पुढे बीजिंगला भित्तिचित्रांचं शिक्षण. तिथलं सरकारमान्य वास्तववादी चित्र कसं असायचं? लालबुंद गालांचे, ताठ मानेचे, कधीच न दमणारे शेतकरी. १९८४ मध्ये ती अमेरिकेत आली.

आता तिचं तंत्र बघा. आधी चेहरा अगदी तालमीत शिकवल्यासारखा चोख रंगवायचा. मग त्यावरून जवसाचं तेल सोडायचं. तेल रंगाला घेऊन खाली ओघळतं, डोळ्यांखालून, हनुवटीवरून, हातातल्या ओझ्यावरून. तिचा नवरा जेफ केली समीक्षक, त्याने याला ‘रडणारा वास्तववाद’ म्हटलं. मला ते नाव फारसं पटत नाही. त्या ओघळांत मला रडण्यापेक्षा हट्ट जास्त दिसतो. जी सफाई तिला वर्षानुवर्षं घोटून शिकवली, ती ती स्वतःच्या हाताने मोडते आहे. फोटो म्हणतो, ‘हे असं होतं, विषय संपला.’ ओघळ तो विषय संपू देत नाहीत.

१९९१ मध्ये ती चीनला परत गेली तेव्हा बीजिंगमधल्या एका फिल्म स्टुडिओच्या संग्रहात तिला विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे वेश्यांचे फोटो सापडले. गिऱ्हाइकाने निवड करावी म्हणून काढलेले. रंगवलेले पडदे, पाश्चात्त्य थाटाचं सामान, शिकवलेली बैठक. या बायकांची नावं कुठेच नाहीत. लिऊने त्यांना राण्यांना द्यावा तेवढा मोठा कॅनव्हास दिला. माझ्या लेखी तिचं सगळ्यात मोठं काम हेच. लँगच्या फोटोंवरची मालिका त्याच्या खूप नंतरची, २०१५ च्या आसपासची. ती ओकलंडमध्ये राहायची, तिथल्याच मिल्स कॉलेजात शिकवायची, आणि लँगचा संग्रहही ओकलंडच्याच संग्रहालयात. कापूस वेचणारे, रस्त्याकडेला संसार मांडलेले ते लोक रंगवताना ती स्वतः शेतात वाकून राबलेली बाई होती, हे मी तरी विसरू शकत नाही.

सगळंच मला आवडतं असं नाही. पक्षी, फुलं, फुलपाखरं ती कधी कधी इतकी पेरते की दुःखाला तोरण बांधल्यासारखं वाटतं. चेहरा पुरेसा असताना ही सजावट कशाला?

आणि ‘मुक्यांना आवाज दिला’ हे पालुपद तर कृपा करून थांबवा. थॉम्पसनबाई मुकी नव्हती. ती बोलली, चांगली खरमरीत बोलली, ऐकायला आपणच बेचाळीस वर्षं उशिरा पोचलो. लिऊने तिला न्याय मिळवून दिला असंही मी म्हणणार नाही. थॉम्पसनबाई १९८३ मध्येच वारली, म्हणजे चित्र काढताना तिची परवानगी दुसऱ्यांदाही कुणी घेतली नाही. हा आक्षेप मला खोडता येत नाही. फरक एवढाच, की जिथे कॅमेरा दहा मिनिटं थांबला तिथे लिऊ ठाण मांडून बसली. कपाळाची प्रत्येक सुरकुती ब्रशने काढायची तर त्या माणसापुढे बसून राहावंच लागतं. ‘गरिबी’ नावाच्या गोष्टीला सुरकुत्या काढता येत नाहीत, त्या कुणातरी एका माणसाच्याच असतात.

जुन्या फोटोंवरून काढलेली चित्रं निरुपद्रवी असतात असं वाटणाऱ्यांसाठी आणखी एक. २०१९ मध्ये बीजिंगमध्ये लिऊचं मोठं प्रदर्शन ठरलं होतं. काही चित्रांवर सरकारी आक्षेप आले, ती वगळायलाही ती तयार झाली, तरी परवानगी मिळाली नाही आणि प्रदर्शन रद्द झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये ती गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत तिचं मोठं प्रदर्शन उघडायचं होतं. ते उघडलं, तिच्याशिवाय.

शोधून बघणार असाल तर निपोमोच्या आईपासून सुरुवात करू नका. तो चेहरा आपल्याला इतका पाठ आहे की चित्र दिसतच नाही. आधी त्या स्टुडिओतल्या बायका बघा.