'आधी एक सामना तरी पूर्ण बघा' : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बेसबॉलचे आकडे समजावणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. रागाच्या भरात काही लिहिलं जाऊ नये म्हणून उत्तर सकाळी लिहितोय. तुमचं म्हणणं असं, की बॅटिंग ॲव्हरेज आता जुनं झालं, नवख्याला थेट ऑन-बेस पर्सेंटेज (फलंदाज बेसवर पोहोचण्याचं प्रमाण) शिकवावं, सॅक्रिफाइस फ्लायबद्दल (फलंदाज झेलबाद होतो, पण त्यावर साथीदार धाव काढतो) मी काहीच लिहिलं नाही, आणि 'लेखकाने आधी एक सामना तरी पूर्ण बघावा, मग आकडे शिकवावेत.'

हे शेवटचं वाक्य लागलं. 2004 च्या मोसमात मी कामानिमित्त सॅन फ्रान्सिस्कोत होतो. तिथल्या जायंट्स संघाच्या मैदानावर सर्वांत स्वस्त तिकीट काढून, मांडीवर स्कोअरकार्ड आणि हातात पेन्सिल घेऊन बसायचो. वॉकची (चार चेंडू बाहेर पडले की फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) 'बीबी', म्हणजे 'बेस ऑन बॉल्स', अशी नोंद करायची, हे शेजारच्या एका आजोबांनी दाखवलं. जायंट्सचा फलंदाज बॅरी बाँड्स आला की समोरचा पिचर (चेंडू टाकणारा) मुद्दाम बाहेर चेंडू टाकून त्याला वॉक द्यायचा आणि लोक चिडून, 'भित्रे' म्हणून, रबरी कोंबड्या लटकवायचे. त्या वर्षी त्याला 232 वॉक मिळाले, त्यातले 120 मुद्दाम दिलेले. वॉक ॲट-बॅटमध्ये (ॲव्हरेजसाठी मोजल्या जाणाऱ्या फलंदाजीच्या पाळ्यांत) धरत नाहीत. म्हणून 373 ॲट-बॅट, 135 हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं), ॲव्हरेज .362, ऑन-बेस मात्र .609! हे मी कुठून उचललेलं नाही, तिथे बसून शिकलोय. समोरच्याची काहीही माहिती नसताना असं बोलणं मला तरी जमलं नसतं.

सॅक्रिफाइस फ्लायचं तुमचं बरोबर. तो ॲट-बॅटमध्ये नसतो, पण ऑन-बेसच्या भाजकात असतो. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

राहिलं ॲव्हरेज. आपला वाचक क्रिकेटमधून येतो. तिथे धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतात, इथे हिटना ॲट-बॅटने. दहापैकी सात वेळा अपयशी ठरणारा .300 वाला इथे उत्तम फलंदाज असतो, हे आधी पचायला हवं. ॲट-बॅट म्हणजे काय हेच माहीत नसलेल्याला ऑन-बेस काय सांगणार? ऑन-बेस पुढच्या भागात येणारच होतं, लेखाच्या शेवटी तसं लिहिलंही आहे. तिथपर्यंत वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

ती स्कोअरकार्डं अजून माझ्याकडे आहेत. फोटो हवे असतील तर सांगा, टाकतो.