मोठी मोटर म्हणजे मोठी रेंज नव्हे

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, कुठल्याही ग्रुपात तो एकदा तरी येऊन गेला असेल. मजकूर थोडक्यात असा: इलेक्ट्रिक गाडी घ्यायची तर परफॉर्मन्स व्हेरियंटच घ्या, स्टँडर्ड घेणारा पस्तावतो. कारणं पाच दिली आहेत. मोठ्या मोटरवर ताण येत नाही म्हणून रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापलं जाणारं अंतर, जास्त मिळते आणि बॅटरी जास्त टिकते. चार्जिंग लवकर होतं. घाटात आणि ओव्हरटेक करताना ती जास्त सुरक्षित. विकताना भाव चांगला येतो. आणि हप्त्यात फरक किरकोळ पडतो. ओळखीच्या घरांत या मेसेजच्या भरवशावर बजेट वाढवायची बोलणी सुरू आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठा घोळ पहिल्याच मुद्द्यात आहे. बॅटरी मोठी असणं आणि मोटर ताकदवान असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेसेजने त्या एक करून टाकल्या. गैरसमज होतो कारण काही कंपन्या दोन्ही गोष्टी जोडीनेच विकतात. महिंद्राच्या बीई ६ मध्ये ५९ युनिटांच्या (वीजबिलातलंच युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) बॅटरीबरोबर १७० किलोवॅटची ताकद मिळते आणि ७९ युनिटांच्या बॅटरीबरोबर २१० किलोवॅटची. वरच्या गाडीची रेंज जास्त आहे हे खरंच, पण ती त्या जादा २० युनिटांमुळे. मोटरचा त्यात हात नाही.

हे पडताळायचं तर बॅटरी तीच आणि मोटर वेगळी अशी जोडी बघायला हवी. बीवायडी कंपनीची सील ही गाडी मार्च २०२४ मध्ये भारतात आली, तिच्यात अशी जोडी आहे. प्रीमियम आणि परफॉर्मन्स दोन्हींत ८२.५६ युनिटांचीच बॅटरी. प्रीमियमला मागे एक मोटर, ३१३ पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). परफॉर्मन्सला पुढे-मागे दोन मोटरी, ५३० पीएस. कंपनीचाच रेंजचा दावा बघा: प्रीमियम ६५० किलोमीटर, परफॉर्मन्स ५८०. ताकद वाढली आणि सत्तर किलोमीटर गेले. एवढ्यात इंदूरहून उज्जैन गाठून वर थोडं उरतं. जादा मोटर, बॅटरीची वीज तिला चालेल अशी करणारा इन्व्हर्टर आणि जोडीचं सामान मिळून शंभर किलोहून जास्त वजन वाढतं, आणि ते वजन पलासियाच्या प्रत्येक सिग्नलला नव्याने उचलावं लागतं.

“ताण येत नाही” हे आपण पेट्रोलच्या गाड्यांवरून उचललेलं आहे. तिथे हजार सीसीचं इंजिन हायवेवर घुसमटतं, म्हणून मोठं इंजिन बरं वाटतं. विजेच्या मोटरचं गणित तसं नाही. सपाट रस्त्यावर ताशी १०० ला ठेवलेल्या अशा गाडीला साधारण १५ ते २० किलोवॅट लागतात. सील प्रीमियमची मोटर २३० किलोवॅटची आहे. जी मोटर आपल्या ताकदीचा दहावा हिस्साही वापरत नाही, तिच्यावर ताण कसला? हायवेवर रेंज खातो तो वारा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १०० ऐवजी १२० ने गेलात तर दर किलोमीटरला वाऱ्यासाठी ४४ टक्के जास्त ऊर्जा जाते. मोटर छोटी असो की मोठी, हा हिशेब बदलत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केलीच पाहिजे: हा फरक प्रत्येक गाडीत सीलएवढा नसतो. टाटाची हॅरियर ईव्ही जून २०२५ मध्ये आली. ७५ युनिटांच्या बॅटरीत तिची मागच्या चाकांवर चालणारी गाडी ६२७ किलोमीटरची आणि चारही चाकांची ६२२ किलोमीटरची असं कंपनी सांगते. पाच किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण इथेही दोन मोटरींनी रेंज वाढलेली नाही, फारशी घटली नाही इतकंच.

बॅटरी टिकण्याबद्दल तर मेसेज उलटंच सांगतो. बॅटरी झिजते उष्णतेने, कायम शंभर टक्के भरून उभी ठेवल्याने, पार तळाला नेल्याने आणि सतत फास्ट चार्जिंग केल्याने. बॅटरी तीच असेल तर जास्त ताकदीची मोटर जोरात दाबल्यावर तिच्यातून जास्त करंट ओढते, कमी नव्हे. बॅटरी मोठी असेल तर प्रत्येक सेलच्या वाट्याला कमी भार येतो, एवढा भाग खरा. म्हणजे पुन्हा तेच, फायदा बॅटरीचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. ज्याला बॅटरीची काळजी आहे त्याने दुसऱ्या मोटरआधी सावलीतल्या पार्किंगचा विचार करावा.

चार्जिंगचा मुद्दा दोन ओळींत संपतो. सीलच्या या दोन्ही व्हेरियंटना बाहेरच्या स्टेशनवरचं डीसी फास्ट चार्जिंग १५० किलोवॅटपर्यंतच आहे. आणि घरी ७ किलोवॅटचा चार्जर लावलात तर ती बॅटरी रिकामी ते पूर्ण भरायला बारा तास घेणारच, गाडीवर कुठलाही बिल्ला असो.

आता घाट. आपला नेहमीचा रस्ता म्हणजे सिमरोलपुढचा भेरूघाट, ओंकारेश्वर-खंडव्याकडे उतरणारा. इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आणि नर्मदेचा काठ त्याहून साडेतीनशे मीटर खाली. उतारावर मोटरच ब्रेकसारखी गाडी धरते आणि वीज बॅटरीत परत भरते. सव्वादोन टनांची गाडी एवढं उतरताना फार तर दोन युनिटं अशी परत मिळण्यासारखी असतात. उतार सहा टक्क्यांचा धरला आणि वेग ताशी ४० धरला, तर गाडी धरायचं हे काम १५ किलोवॅटच्या आत भागतं. तेवढं एक मोटर सहज सांभाळते. दोन मोटरी हव्यात असा तो घाट नाही. ओव्हरटेकचं म्हणाल तर सील प्रीमियम शून्यावरून शंभरला ५.९ सेकंदांत जाते आणि परफॉर्मन्स ३.८ मध्ये. भेरूघाटात ट्रकमागे अडकल्यावर ही दोन सेकंदं वाचवून जो अंदाज चुकवतो, त्याला कुठलीच मोटर वाचवत नाही. ब्रेक लागायचं अंतरसुद्धा टायर, ब्रेक आणि वेग यांवर ठरतं. चार चाकांना ताकद मिळाल्याने गाडी लवकर थांबत नाही. घरात नुकतं लायसन्स मिळालेलं पोर असेल, तर चार सेकंदांत शंभर गाठणारी गाडी त्याच्या हाती देताना मला तरी धास्ती वाटेल.

“हप्त्यात किरकोळ फरक” हे वाचून मला खरा राग आला. सील बाजारात आली तेव्हा प्रीमियम ४५.५५ लाखांना होती आणि परफॉर्मन्स ५३ लाखांना, एक्स-शोरूम. साडेसात लाखांचा फरक नऊ टक्क्यांनी सात वर्षांवर पसरला तर महिन्याला बारा हजारांच्या आसपास जातात. ती रक्कम एखाद्या घरात मुलाच्या कोचिंगची असते. थर्ड पार्टी विम्यात फरक पडत नाही, कारण ६५ किलोवॅटच्या वरच्या सगळ्या इलेक्ट्रिक कारना एकच दर आहे. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तिच्या किमतीवर ठरतो, तो वाढतो. टायरही लवकर झिजतात. जुनी गाडी घेणारा आधी बॅटरी किती शाबूत आहे आणि वॉरंटी किती उरली आहे ते विचारेल. त्या प्रश्नांची उत्तरं मोटरच्या आकड्यात नसतात.

वेगाची आवड असेल आणि ऐपत असेल, तर परफॉर्मन्स जरूर घ्यावी, त्यात गैर काही नाही. फक्त तिला बचत म्हणू नये.

चारही चाकांना ताकद मिळण्याची गरज खरोखर असलेले लोकही आपल्यात आहेत. ज्यांची शेती देपालपूर, सांवेरकडे आहे त्यांना पावसाळ्यातली माळव्याची काळी माती ठाऊक आहे. पक्क्या सडकेवरून शेताच्या वाटेला गाडी वळली की मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. तिथे हॅरियरसारख्या गाडीची दुसरी मोटर कामाची आहे. पण अशा खरेदीदाराने शोरूममध्ये सेकंद विचारू नयेत. गाडी जमिनीपासून किती उंच आहे आणि टायर कसले आहेत, ते आधी विचारावं. ती चिकट माती गुळगुळीत रस्त्याच्या टायरांच्या खाचांत भरली की चारही चाकं सोबतच घसरतात.