व्हिडिओ आहे ना, मग न्याय होणारच?

‘आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. अमेरिकेत पोलिसांनी कुणाला मारलं की व्हिडिओ येतो, आणि व्हिडिओ आला की शिक्षा होतेच. जॉर्ज फ्लॉइडचं बघा.’ अशा अर्थाची पोस्ट सध्या भरपूर फिरते आहे. ऐकायला बरं वाटतं, पण तपासून पाहू.

‘व्हिडिओ खोटं बोलत नाही.’ नसेल बोलत. पण कोर्टात त्याच्या वतीने वकील बोलतात. मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसला रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी केलेली मारहाण एका रहिवाशाने बाल्कनीतून टिपली, साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिली. खटल्यात बचाव पक्षाने तीच फीत संथ केली, पुन्हापुन्हा थांबवली: इथे तो उठू पाहतोय, इथे हात हलला. सलग पाहिलं की मारहाण, तुकडे पाडले की दर फटक्याला एक सबब. एप्रिल १९९२ मध्ये चौघे पोलीस सुटले (फक्त एकावरच्या एका आरोपाबाबत ज्यूरीचं, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचं, एकमत झालं नाही). शहर पेटलं, पन्नासहून अधिक माणसं मेली. दोघांना शिक्षा झाली ती पुढच्या वर्षी, वेगळ्या फेडरल (केंद्रीय कायद्याखालच्या) खटल्यात.

‘व्हिडिओ आला की शिक्षा.’ न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली एका पोलिसाने एरिक गार्नरचा गळा आवळला, ‘मला श्वास घेता येत नाही’ असं म्हणत तो मेला. तेही चित्रणात आहे. खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, म्हणजे ग्रँड ज्यूरीने, आरोपच ठेवला नाही. त्या पोलिसाची नोकरी गेली, तीही पाच वर्षांनी.

‘पोलिसांवरही कॅमेरे आलेत, लपवणार काय?’ लपवायला फीत हातात असावी लागते, आणि ती त्यांच्याच हातात असते! शिकागोत ऑक्टोबर २०१४ मध्ये १७ वर्षांच्या लक्वान मॅकडोनाल्डला एका पोलिसाच्या १६ गोळ्या लागल्या. तो चाकू घेऊन अंगावर आला, असं पोलिसांच्या कागदावर. पोलीसगाडीच्या कॅमेऱ्यात तो दूर चाललेला. हे चित्रण लोकांसमोर आलं १३ महिन्यांनी, कोर्टाच्या आदेशामुळे. गोळ्या झाडणाऱ्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला, तोही नेमका त्याच दिवशी.

आता फ्लॉइड. मे २०२० मध्ये मिनियापोलिसला एका पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरल्याने तो मेला, आणि त्या पोलिसाला खुनाची शिक्षा झाली. तिथे उभ्या असलेल्या १७ वर्षांच्या मुलीने मोबाइलवर केलेल्या चित्रणाशिवाय तो खटला उभा राहिला असता असं मला वाटत नाही. पण ज्यूरीपुढे नुसता मोबाइल नव्हता. फुप्फुसतज्ज्ञ डॉक्टरांनी श्वास कसा कोंडला हे समजावून सांगितलं, आणि खुद्द मिनियापोलिसच्या पोलीसप्रमुखांनी आपल्याच माणसाविरुद्ध साक्ष दिली. किती खटल्यांत असं घडतं? मोबाइलने त्याआधी एक काम मात्र चोख केलं होतं. पोलिसांच्या पहिल्या पत्रकात मृत्यूचं कारण ‘वैद्यकीय घटना’ होतं. मानेवरच्या गुडघ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.