चार तासांची झोप पुरते म्हणे! दाजींनी लेकीला पाठवलेल्या मेसेजला उत्तर

‘झोप चार तास, अभ्यास अठरा तास, सलग एकवीस दिवस. मग यश तुमच्या पायाशी.’ उगवत्या सूर्याच्या फोटोखाली ही ओळ, त्याखाली पाच सूत्रं आणि शेवटी ‘किमान दहा विद्यार्थ्यांना पाठवा’. लातूर, नांदेड, बीड, धाराशिव, कुठलाही ग्रुप उघडा, हा मेसेज सापडतोच. मीही तो अनेकदा पाहून पुढे सरकवला होता. या वेळी मात्र तो माझ्या दाजींनी त्यांच्या लेकीला पाठवला. पोरगी सतरा वर्षांची, कळंबकडच्या गावातून येऊन लातुरात खोली करून राहते, ‘नीट’ या डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते. तिने तो फॉरवर्ड म्हणून वाचलाच नाही. पप्पांनी सांगितलंय म्हणून वाचला आणि पाळायला घेतला.

मेसेजमधली सूत्रं थोडक्यात अशी. यशस्वी माणसं चारच तास झोपतात, पहाटे चारला उठतात. बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, तुम्हाला काय झालं? कुठलीही सवय एकवीस दिवसांत लागते, पण एक दिवस जरी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ज्या तीन टक्के मुलांनी ध्येय लिहून ठेवलं होतं, त्यांनी पुढे बाकीच्या सत्त्याण्णव टक्क्यांपेक्षा जास्त कमावलं, म्हणून 720 पैकी 720 असं लिहून भिंतीला लावा, लहान ध्येय हा गुन्हा आहे. आणि पाचवं, मोबाईल दूर ठेवा.

झोपेपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतंय.

त्या पोरीच्या खोलीत भिंतीवर वेळापत्रक लावलेलं आहे. स्केचपेनने, पट्टीने रेघा मारून, अगदी नेटकं. 4.00 उठणे. 4.10 ते 7.00 फिजिक्स. मग क्लास, मग केमिस्ट्री, मग टेस्ट, मग बायोलॉजी. डब्याला 15 मिनिटं. रात्री 11.45 ला रिव्हिजन, 12.00 ला झोप. कपडे धुवायला त्यात जागा नाही. नळाला पाणी रोज येत नाही, येईल तेव्हा हातातलं टाकून घागरी आणि बादल्या भराव्या लागतात, त्यालाही जागा नाही. पाळीच्या दिवसांना नाही, आईच्या फोनला नाही. पोरगी फोनवर म्हणाली, “मावशी, वाचलेलं ध्यानातच राहीना गेलंय. सकाळपासून एकच पान उघडं हाय.” आणि थोडं थांबून म्हणाली, “माझ्यातच कायतरी कमी हाय.”

या दुसऱ्या वाक्यासाठी मी हे लिहितेय. तिच्यात काही कमी नाही. तिची झोप कमी आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर केलेला एक प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. 48 निरोगी, तरुण माणसं घेतली. काहींना रोज आठ तास झोपू दिलं, काहींना सहा, काहींना चार, असं सलग 14 दिवस. दिवसभर दर दोन तासांनी त्यांच्या चाचण्या घेतल्या: लक्ष किती टिकतं, आकडे किती लक्षात राहतात, बेरजा किती जमतात. आठ तासवाल्यांचं फारसं काही बिघडलं नाही. सहा आणि चार तासवाले मात्र दिवसागणिक घसरत गेले. पंधरवड्याच्या अखेरीस त्यांची अवस्था एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली होती. लक्षात घ्या, सहा तासवाल्यांचंसुद्धा हे झालं. मेसेज तर चार तास म्हणतोय.

त्याहून वाईट भाग पुढे आहे. या लोकांना विचारलं, झोप येतेय का? सुरुवातीचे काही दिवस ते ‘हो’ म्हणाले. नंतर त्यांना वाटायला लागलं की आपल्याला सवय झाली, आता एवढी काही झोप येत नाही. चाचणीतल्या चुका तर वाढतच होत्या. म्हणजे डोकं चालेनासं होतं आणि ते चालेनासं झालंय हे कळणंही बंद होतं. ‘मला चार तास पुरतात’ असं छातीठोक सांगणारे जे भेटतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचं हेच झालेलं असतं.

दाजी, तुम्हाला तर हे मी सांगायलाच नको. रब्बीत आठवडाभर रात्रीच्या लाईटीवर दारं धरून आल्यावर सकाळी कडबाकुट्टीवर कुणी बसतं का? तुम्हीच घरच्या पोरांना म्हणता, झोपेत हाय, हात जाईल, सरक तिथून. मग त्याच अवस्थेत लेकीनं 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवावेत, चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक गुण कापून घेत सोडवावेत, असं कसं चालेल? आणि ती परीक्षा पहाटे चारला नसते. ती मे महिन्यात, दुपारी दोनला असते. अर्धवट झोपेचं डोकं दिवसा पेंगतं तीच ही वेळ.

दिवसभर वाचलेलं पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. म्हणून झोप कापून केलेला अभ्यास हातात राहत नाही. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांची संघटना सांगते. वाढीच्या वयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, रात्री लवकर झोप लागत नाही, सकाळी लवकर जाग येत नाही. तो आळस नाही, ती वाढ आहे.

आता एक मान्य करायला हवं. पहाटे शांत असतं, कुणाचा फोन नसतो, हे खरं आहे. आपल्याकडे कोंबडं आरवायला धारा काढायला उठणारी पिढी गेली आणि त्यांची कामं उन्हं वर यायच्या आत उरकत. पण ती माणसं दिवेलागणीला जेवून आठ-नऊला आडवी व्हायची. पहाटे चार हवं असेल तर रात्री आठ घ्या. रात्रीचे बारा आणि पहाटेचे चार, दोन्ही एकाच दिवसात घेता येणार नाहीत.

बाबासाहेबांचं नाव या मेसेजमध्ये वापरलंय याचा मला खरोखर राग आहे. 14 एप्रिलला गावोगावी, वाचनालयांत, वसतिगृहांत मुलं सलग अठरा तास अभ्यासाला बसतात. ते अभिवादन आहे, वर्षातून एकदा, सगळ्यांनी मिळून केलेलं, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण तेच नाव घेऊन एकट्या पोरीला खोलीत ‘तुला काय झालं’ असं विचारणं हे अभिवादन नव्हे. बाबासाहेबांच्या शाळकरी दिवसांबद्दल चरित्रात काय लिहिलंय तेही वाचा की! परळच्या चाळीत एकच खोली, त्यातच सगळा संसार. वडील रामजी लेकराला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. बापाने आधी पोराची झोप सांभाळली. स्वतः जागून सांभाळली. दाजी, या गोष्टीतून घ्यायचंच असेल तर हे घ्या.

आता एकवीस दिवस. हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकी प्लास्टिक सर्जन होते. त्यांच्या पाहण्यात आलं की शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपलासा वाटायला रुग्णाला किमान एकवीस दिवस लागतात. 1960 मध्ये त्यांनी ते लिहिलं. फिरता फिरता त्यातला ‘किमान’ गळाला, चेहराही गळाला, आणि उरलं ते ‘कुठलीही सवय एकवीस दिवसांत’. प्रत्यक्ष मोजून पाहिलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये, फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. त्यांनी 96 जणांना जेवणासोबत पाणी पिणं, जेवणाआधी पळायला जाणं अशी एकेक साधी सवय निवडायला लावली. ती अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागले, तर कुणाचा हिशेब 254 दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा 66. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

हे शेवटचं वाक्य त्या मेसेजच्या बरोबर उलट आहे, आणि झोपेनंतर सगळ्यात जास्त घात ‘चुकला की पहिल्यापासून’ यानेच केलाय. पोरीच्या कॅलेंडरवर लाल पेनाच्या फुल्या आहेत. काही दिवस सलग फुल्या, मग एक कोरा दिवस, मग आधीच्या सगळ्या फुल्यांवर आडवी रेघ आणि बाजूला पुन्हा ‘1’. त्या कोऱ्या दिवशी तिला ताप होता. पंधरवडाभर नीट केलेला अभ्यास तापाच्या एका दिवसाने पुसला जातो का? डोक्यातून तर पुसला जात नाही. पुसला गेला तो तिचा धीर.

येल विद्यापीठाच्या गोष्टीवर जास्त शब्द घालवत नाही. ती 1953 च्या बॅचची म्हणून सांगतात, पण असा अभ्यास झालाच नाही. ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकाने 1996 मध्येच माग काढला, तेव्हा खुद्द विद्यापीठाकडे त्याची कुठलीही नोंद नव्हती. कधीकधी हीच गोष्ट हार्वर्डचं नाव लावून फिरते.

तरी ध्येय लिहावं, यात अर्धं खरं आहे आणि ते नाकारणार नाही. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामातून दिसतं की ‘जमेल तेवढं कर’ यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय दिलं तर काम चांगलं होतं. पण ते आवाक्यातलं असावं लागतं आणि आपण कुठवर आलो हे मधूनमधून कळावं लागतं. भिंतीवरच्या 720 मध्ये यातलं काय आहे? आज संध्याकाळी तो आकडा तिला काय सांगतो? रोज संध्याकाळी एकच सांगतो, की तू अजून तिथे नाहीस. 2024 मध्ये 23 लाखांवर मुलांनी ही परीक्षा दिली, आणि देशभरात सरकारी-खाजगी मिळून एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख. कट-ऑफ कुठे लागणार, पेपर कसा निघणार, यातलं काहीच तिच्या हातात नाही. आज श्वसनसंस्थेचे तीस प्रश्न घड्याळ लावून सोडवणं आणि चुकलेले वहीत उतरवणं मात्र पूर्णपणे तिच्या हातात आहे.

आम्ही तिच्या भिंतीवरचं वेळापत्रक काढलं. नवं तिनेच लिहिलं, मी फक्त शेजारी बसले. आधी झोप लिहिली, रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा. मग क्लास, डबा आणि पाण्याची वेळ. उरलेल्या तासांत अभ्यासाचे तीन तुकडे बसले, प्रत्येकात एकच काम, आणि तेही मोजता येईल असं. ‘फिजिक्स’ असं लिहायचं नाही, ‘घर्षण, वीस गणितं’ असं लिहायचं. खाली दोन जर-तरच्या ओळी आहेत: जर नळ आला तर पाणी भरून तोच तुकडा पुढे, नवा सुरू करायचा नाही. जर एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी त्या दिवसाचंच काम, मागचं डोक्यावर घ्यायचं नाही. मागचं भरून काढायला रविवारची दुपार मोकळी ठेवलीय. ती काही अठरा तास भरत नाही, निम्मेही नाहीत, आणि तरी पूर्वीपेक्षा जास्त प्रश्न सुटतात.

राहिलं मोबाईल दूर ठेवण्याचं. हे बरोबर आहे, यावर वाद नाही. फक्त ते आपल्यालाही लागू आहे. दाजी, ताई, काका, आणि ग्रुपवरचे सगळे, पोरगी अभ्यासाला बसते त्या वेळात तिला फोन करू नका. रात्री दहानंतर तर नकोच. तिचे टेस्टचे मार्क ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्याच्या पोराचे टाकून तिला टॅग करू नका. आणि फोन केलात तर आधी विचारा, जेवलीस का, झोप झाली का. मार्कांचं ती आपणहून सांगेल.