पात्र गरीब होण्याची पूर्वतयारी

अमेरिकेत सरकारी अन्नसाहाय्य मिळण्यासाठी पोटात भूक असणे पुरेसे आहे, असा आपला समज असेल तर तो आधी सोडून द्यावा. १९६४ च्या फूड स्टॅम्प कायद्यापासून चालत आलेल्या आणि २००८ पासून 'स्नॅप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेच्या अर्जात उत्पन्नाला रकाना आहे, घरभाड्याला आहे, घरात कोण कोणाबरोबर जेवते यालाही आहे. भुकेला मात्र नाही. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी थोडी तयारी करावी.

ही तयारी चुलीपासून सुरू करावी. एका छपराखाली राहणारे सगळे एक कुटुंब, हा हिशेब येथे चालत नाही. जे किराणा एकत्र आणतात आणि एकत्र रांधतात, ते एक कुटुंब. भाडे वाटून घेणाऱ्या सोबत्याबरोबर आपण रोजचा स्वयंपाकही वाटून घेत असाल, तर त्याचा पगार आपल्याच उत्पन्नात धरला जाईल, तेव्हा स्नेह टिकवायचा असल्यास फ्रिजमधले कप्पे वेगळे करावेत आणि एकमेकांच्या पातेल्यात डोकावू नये. नवरा-बायकोने मात्र या फंदात पडू नये. एका घरात राहून त्यांनी कितीही कडाक्याचे भांडण केले आणि चुली वेगळ्या मांडल्या, तरी कायद्याला त्यांचा संसार एकच दिसतो. आई-वडिलांकडे राहणाऱ्या बावीस वर्षांखालील मुलाचेही तसेच: तो स्वतःचे धान्य स्वतः आणून स्वतः शिजवत असला, तरी वयाची बावीस वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याच्या स्वावलंबनाची दखल घेतली जात नाही. (त्या वाढदिवसाचा केक सर्वांनी मिळून भाजावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.)

उत्पन्नाचा भाग त्यामानाने सरळ आहे, म्हणजे तो समजण्यासाठी हिशेबनीस पुरतो, वकील लागत नाही. साधारण नियमानुसार महिन्याचे एकूण उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांच्या आत आणि वजावटींनंतरचे निव्वळ उत्पन्न १०० टक्क्यांच्या आत असावे लागते. बऱ्याच राज्यांनी यातली पहिली मर्यादा वाढवून घेतलेली असल्यामुळे, गरीब होण्याआधी कोणत्या राज्यात गरीब व्हायचे हे ठरवणे शहाणपणाचे. मजुरीतून २० टक्के वजा होतात. औषधपाण्याचा खर्च महिना ३५ डॉलरच्या वर गेला तर वरची रक्कम वजा होते, परंतु रुग्ण साठीच्या पुढचा किंवा अपंग असेल तरच. बाकीच्यांनी आजारी पडण्याची घाई करू नये. शेवटी जे निव्वळ उत्पन्न उरते, त्यातले ३० टक्के आपण अन्नावर खर्च करणारच, असे गृहीत धरून सरकार तेवढी रक्कम कमाल साहाय्यातून कापून घेते. हे गृहीतक आपल्या घरमालकाला आणि वीज कंपनीला कोणी कळवत नाही, एवढीच काय ती अडचण.

अर्जाचा निकाल ३० दिवसांत लागावा असा दंडक आहे. आपल्याला इतके दिवस थांबणे जमणार नसेल, तर सात दिवसांची एक जलद वाट आहे: महिन्याचे एकूण उत्पन्न १५० डॉलरच्या खाली हवे आणि हातातली व बँकेतली रोकड १०० डॉलरच्या वर नको. खात्यात १०१ डॉलर असतील तर वरचा एक डॉलर अर्जाआधी खर्चून टाकावा, कारण तातडीची भूक आणि सवडीची भूक यांत कधी कधी तेवढेच अंतर असते.

आपण धडधाकट असाल आणि आपल्यावर कोणी अवलंबून नसेल, तर आणखी एक काळजी घ्यावी. महिन्याला ८० तास काम किंवा प्रशिक्षण दाखवता आले नाही, तर तीन वर्षांत मिळून तीनच महिने साहाय्य मिळते. काम नाही म्हणून आपण मदत मागता आणि काम नाही म्हणूनच ती थांबते. ही विसंगती कोणाच्या निदर्शनास आणून देऊ नये, त्यासाठीही रकाना नाही. महाविद्यालयात निम्मा वेळ किंवा त्याहून अधिक शिकत असाल, तर तोही संशयास्पद प्रकार मानला जातो आणि आठवड्याला २० तासांची पगारी नोकरी किंवा नियमात बसणारे दुसरे एखादे कारण दाखवावे लागते. नुसती शिकण्याची आवड हे कारण त्या यादीत नाही.

मग मुलाखत होते, बहुधा फोनवर. तो फोन कामाच्या वेळेत आला आणि आपण घेतला तर मुकादम डोळे वटारतो. नाही घेतला तर अर्ज अडकतो. भाड्याची पावती, पगाराच्या चिठ्ठ्या आणि ओळखपत्र खिशातच बाळगावे.

हे सारे पार पडून आपण पात्र ठरलात, तरी निश्चिंत होऊ नये. ठरावीक मुदतीनंतर हीच परीक्षा पुन्हा द्यावी लागते आणि मध्येच उत्पन्न मर्यादेच्या वर गेले तर तेही कळवावे लागते. म्हणून मालकाने आपल्या कामावर खूश होऊन तासाला अर्धा डॉलर वाढवण्याची भाषा केली, तर लगेच आभार मानू नयेत. त्याला नम्रपणे थांबायला सांगावे, कागद-पेन्सिल घ्यावी, घरातली माणसे पुन्हा एकदा मोजावीत आणि मगच काय ते उत्तर द्यावे.