टेकडीखाली ऊब असते? थांबा जरा

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, की टेकडीच्या माथ्यावर कायम जास्त गारठा असतो म्हणून नाजूक रोपं पायथ्याच्या सखल जागेत लावा. अर्धं खरं आहे, आणि अर्ध्यानेच घोळ होतो. उंचीबरोबर हवा गार होते हे बरोबर, सरासरी 1000 मीटरला साधारण 6.5 अंश, पण मग 100 मीटरच्या टेकडीवर फरक पडतो किती, जेमतेम अर्धा-पाऊण अंश! आणि आकाश निरभ्र असलेल्या, वारा पडलेल्या थंडीच्या रात्री तर गणित उलटंच होतं, जमीन आपली उष्णता वर सोडून देते, तिला चिकटलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी हळूहळू घरंगळत खाली खोलगट जागी साचते. म्हणजे गोठलेलं दहिवर आधी पायथ्याला धरणार, माथ्याला नाही.

पहाटे खाली शेकोटी पेटलेली असेल तर धुराकडे बघा, थोडा वर जातो आणि मग छत लागल्यासारखा आडवा पसरतो, त्याच्या वर ऊबदार हवा असते.

म्हणून फळबागेला मधला उतार बरा, अगदी तळ नको. आणि हो, उताराला आडवं दाट कुंपण घातलंत तर गार हवा त्याच्या वरच्या अंगाला अडून बसते, तिथे खाली फट ठेवा. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री मात्र यातलं फारसं काही होत नाही, तेव्हा माथाच गार.